रुजू होण्यापूर्वीचे दिवस

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या शिक्षक-मेळाव्यात पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या सोहळ्यात शिक्षकांच्या मेळाव्यापुढे आम्ही चार शब्द बोलावे, अशी व्यवस्थापक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली आणि 'शिक्षकाची कर्तव्ये' असा विषयही कागदावर लिहून दिला. विषय उत्तम आहे. परंतु आमच्यापुढे जी मंडळी आज बसली आहे, तिच्यापैकी कित्येकांनी आम्ही पाटीवर श्रीगणेशाच्या रेघोट्या ओढीत होतो तेव्हाच खडू हाती धरलेला होता. त्यांस शिक्षकाची कर्तव्ये सांगणे म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहावयास शिकविण्यासारखे होय. यास्तव मंडळींच्या अनुज्ञेने आम्ही तो विषय थोडा आखडून घेतो. येत्या जूनमध्ये आपल्या पॅरिशमधील काही मुलगे व मुली शिक्षक म्हणून परमुलखी रुजू होणार आहेत. नेमणुकीचा हुकूम हाती पडल्यापासून शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवीपर्यंत त्यांस जे थोडे दिवस मिळतात, त्या दिवसांचे काय करावे, एवढ्यापुरतेच आज बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

हे दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात. पगार सुरू झालेला नसतो, आणि विद्यार्थीपण तर संपलेले असते. घरोघरी असे दिसते की, हुकूम आला रे आला की बिछाना, स्टोव्ह, डाळतांदूळ, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती ह्यांची धांदल उडते. आप्तमित्रांस भेटून ये म्हणावे, तर मुलगा खिशातून मोबाइल काढून दाखवितो. "फादर, सर्वांस कळविले आहे, फोटोदेखील पाठविला आहे," असे म्हणतो. आईबापही त्याचीच री ओढतात. प्रवासाला पैसा लागतो; तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची; ते मानधन २०२३ साली वाढून प्राथमिक शाळेसाठी १६,००० रुपये झाले खरे, पण पहिला हप्ता हाती येईतो घरूनच पुरवठा करावा लागणार. मग भेटीगाठींची चैन कशास? ह्या बोलण्यात व्यवहार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि आमचे मत ह्याहून निराळे आहे. नव्या शाळेवर जाण्यापूर्वी तरुण शिक्षकाने प्रवास करावा, आपल्या मित्रांच्या दारी स्वतः जाऊन उभे राहावे, आणि ह्याला त्याने चैन न मानता तयारीचाच एक भाग मानावे, असे आमचे म्हणणे आहे.

ह्यावर कुणी सश्रद्ध मनुष्य आम्हांस एका संताचे उदाहरण दाखवील. म्हणून तेच आधी घेऊ. दरसाल ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. त्या दिवशीच्या प्रवचनांतून आपण लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो आहोत. हिंदुस्थानास येण्यासाठी निघालेला झेवियर आपल्या जन्मगावाजवळून गेला. सोबत्यांनी आग्रह केला की, वृद्ध आईस भेटून घे. परंतु तो वाट वाकडी न करता तसाच पुढे गेला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत, आणि मुलांच्या मनावर ठसे की, पुण्यवान मनुष्य तो, जो मागे वळून पाहत नाही.

ही गोष्ट खरी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या चरित्रांपासून ती चालत आली, आणि प्रवचनकारांस सोयीची म्हणून टिकली. झेवियरची आई मारिया दे आझ्पिलक्वेता १५२९ सालीच निवर्तली होती. तो प्रवास घडला १५४० साली. अकरा वर्षांपूर्वी मातीआड झालेल्या आईस भेटावयाचे टाळणे कुणासही साधणार नाही! शिवाय तो ज्या वाटेने गेला, ती नावार्‍यातील त्याच्या गढीवरून जातही नव्हती. संतांच्या अंगी नसलेला कोरडेपणा त्यांस चिकटवून आपण त्यांचा मान वाढवीत नाही. उलट एखादा साधा मुलगा तो कोरडेपणाच सद्गुण मानू लागतो, हे नुकसान पदरी पडते.

मग त्या प्रवासात खरोखर घडले काय? ते आता थोडे विस्ताराने सांगतो. झेवियर मुळात आपल्याच पेशाचा मनुष्य होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १५२५ साली तो पॅरिसला शिकावयास गेला. तेथे एकाच खोलीत राहणारा त्याचा सोबती म्हणजे सव्हॉय प्रांतातील मेंढपाळ घरचा पीटर फाबर. दोघेही एकाच वर्षी, १५०६ साली, जन्मलेले. पुढे १५२९ साली त्यांच्या संगतीस इग्नाशियस लोयोला आला. वयाने पुष्कळ मोठा, लंगडत चालणारा, लॅटिन भाषेत कच्चा. १५३० साली झेवियरने पदवी घेतली आणि बोव्हे कॉलेजात तो ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागला. म्हणजे ज्यास आपण वेदीवर हाती क्रूस दिलेला पाहतो, तो तरुणपणी तुमच्याआमच्यासारखा तासाची घंटा ऐकून वर्गात शिरणारा मास्तर होता.

हिंदुस्थानास जाण्यासाठी प्रथम त्याची निवड झालीच नव्हती. पोर्तुगालच्या राजाने माणसे मागितली, तेव्हा सिमाँव रॉड्रिग्ज आणि बोबादिया ह्या दोघांची नावे ठरली. ऐन वेळी बोबादिया तापाने आजारी पडला. राजाचा वकील पेद्रू मस्कारेन्हस रोमहून निघण्याच्या तयारीत होता. इग्नाशियसने झेवियरला बोलाविले आणि तू जा म्हणून सांगितले. तयारीस जेमतेम एक दिवस मिळाला. तेवढ्यात त्याने आपले जुने कपडे ठिगळे लावून सारखे केले, पोपसाहेबांचा आशीर्वाद घेतला, आणि १५४० च्या मार्च महिन्याच्या मध्यास वकिलाच्या लवाजम्याबरोबर रोम सोडले. त्याच्या चौतिसाव्या वाढदिवसास तेव्हा तीन आठवडे उरले होते.

जो एका दिवसात देश सोडतो, त्यास भेटीगाठी कोठून सुचणार, असे कुणीही म्हणेल. परंतु पुढचे पाहा. पहिला मोठा मुक्काम बोलोन्या शहरी पडला. तेथे दोन वर्षांपूर्वी त्याने हिवाळा काढला होता, तापाने अंथरूणही धरले होते, आणि त्या आजारपणात जोडलेली माणसे तेथे होती. पुनरुत्थानाचा सण त्या वर्षी २८ मार्चला आला. तो त्याने त्यांच्यात घालविला. त्याच दिवशी इग्नाशियसचे पत्र त्याच्या हाती पडले. ३१ मार्चला त्याने जे उत्तर लिहिले, ते आजही उपलब्ध आहे. ह्या जगात आपली गाठ आता पत्रांतूनच पडावयाची, प्रत्यक्ष भेट परलोकी, अशा आशयाचे त्याने लिहिले. निरोप म्हणजे काय, हे त्यास रोम सोडल्यानंतर दोन आठवड्यांतच पुरते उमगले होते.

पुढे पार्मा शहर लागले. फाबर त्या दिवसांत पार्म्यास धर्मकार्य करीत होता, आणि पॅरिसच्या त्या खोलीतील मित्राची भेट होईल, ह्या आशेने झेवियर तेथे पोचला. परंतु फाबर कामानिमित्त परगावी गेलेला होता. लवाजमा थांबणारा नव्हता. भेट हुकली ती कायमचीच. १५४६ साली फाबर रोममध्ये वारला, तेव्हा झेवियर पार मोलुक्का बेटांकडे होता. खोलीसोबत्याच्या मृत्यूची वार्ता समुद्र ओलांडून यावयासही पुष्कळ काळ लागला असणार. (हाच फाबर २०१३ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी संत म्हणून जाहीर केला, आपल्या पॅरिशमध्ये त्याच्या नावाने अद्याप एकही मुलगा नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटते.)

लोयोलाच्या घराण्याची हकीकत तर आमच्या विषयाच्या अगदी जवळची आहे. इग्नाशियसने आपल्या पुतण्यास पत्र लिहून कळविले होते की, आमच्यापैकी एक जण वकिलाबरोबर तुमच्या प्रांतातून जात आहे. ती मंडळी खरोखरच लोयोलाच्या घरी गेली. म्हणजे ज्याने स्वतःच्या आईची भेट टाळल्याचे आपण सांगत आलो, तो मित्राच्या कुळाच्या भेटीस मात्र मुद्दाम गेला होता. आपल्या गावी अजून ही रीत आहे. मुंबईस किंवा आखातात नोकरीस असलेल्याचा मित्र गावी आला, की तो प्रथम त्याच्या आईच्या ओटीवर जाऊन बसतो.

जूनच्या अखेरीस तो लिस्बनला पोचला. तेथे रॉड्रिग्ज आधीच समुद्रमार्गे आलेला होता व चौथ्या दिवशी उलटणाऱ्या हिवतापाने बेजार होता. झेवियर पोचला तो दिवस नेमका तापाच्या पाळीचा. दोघे मित्र एकमेकांस कडकडून भेटले. आणि त्या आनंदात ताप आलाच नाही, नंतरही उलटला नाही, असे झेवियरने स्वतः पत्रात कळविले आहे. डॉक्टर लोकांनी ह्याचा जो अर्थ लावावयाचा तो लावावा.

लिस्बनला जहाजासाठी नऊ महिने थांबावे लागले. त्या अवधीत त्याने आपल्या एका नातलगास दोन पत्रे लिहिली. तो नातलग म्हणजे कोइंब्रा विद्यापीठातील धर्मशास्त्रीय कायद्याचा विख्यात प्राध्यापक मार्टिन दे आझ्पिलक्वेता. त्या शिक्षकास झेवियरला भेटावयाचे होते आणि झेवियरलाही त्यास. भेटीची ओढ त्या पत्रांत स्पष्ट दिसते. परंतु योग आला नाही. राजाने रॉड्रिग्जला पोर्तुगालातच ठेवून घेतले. अखेर ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर जहाजावर चढला, आणि मोझांबिकला हिवाळा काढून तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास उतरला.

गोव्याच्या रस्त्यांतून हाती घंटा घेऊन तो मुलांस हाका मारीत फिरे व चर्चमध्ये नेऊन त्यांस प्रार्थना शिकवी, हे आपण जाणतोच. पॅरिसच्या कॉलेजातील तत्त्वज्ञानाचा मास्तर बिगरीच्या वर्गावर आला! त्याच वर्षी तो दक्षिणेस पारव मच्छीमारांत गेला. तेथील तमिळ भाषेचा त्यास गंध नव्हता. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे त्याने जमविली, त्यांच्याकडून मोठ्या कष्टाने प्रार्थनांचे भाषांतर करविले, ते पाठ केले, आणि मग पुन्हा घंटा हाती घेतली. शिक्षकाने शिकविण्यापूर्वी कुणाच्या तरी पायाशी बसावे लागते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि ज्यांचा निरोप घेऊन तो निघाला होता त्यांचे काय झाले? १५४६ साली आंबोयना बेटावरून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या हातच्या सह्या त्याने कापून घेतल्या असून त्या तो नेहमी जवळ बाळगतो. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून इग्नाशियसला लिहिताना, तुमच्या पत्रातील अखेरचे प्रेमाचे शब्द वाचून आपल्यास रडू आले, असे तो कबूल करतो. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यानजीक सांचियन बेटावर त्याचा अंत झाला. इकडे रोममध्ये इग्नाशियसला ह्याचा पत्ता नव्हता. त्याने २८ जून १५५३ रोजी झेवियरला परत बोलाविणारे पत्र लिहिले. ते ज्याच्या नावे लिहिले, तो जाऊन जवळजवळ सात महिने झाले होते.

आमचे म्हणणे एवढेच की, हा मनुष्य मागे वळून न पाहणारा नव्हता. त्याने पुष्कळदा पाहिले; तरीही पुढे गेला.

आता कुणी म्हणेल, फादर, त्या काळी पत्रास वर्षे लागत म्हणून भेटीचे मोल. आता गडचिरोलीच्या मुलाचा चेहरा वसईच्या आईस रोज रात्री पडद्यावर दिसतो. खरे आहे, आणि देवाने दिलेल्या ह्या सोयीबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आमची स्वतःची बहीण परदेशी आहे. परंतु पडद्यावर मनुष्य आपल्याला दाखवावयाचे तेवढेच दाखवितो. त्याच्या घरी गेल्याखेरीज त्याच्या घराची भिंत ओलीने फुगली आहे, त्याच्या शाळेला कुंपण नाही, त्याचा आवाज वर्षभरात बसला आहे, ह्या गोष्टी कळत नाहीत. आणि ज्यास शिक्षक व्हावयाचे, त्यास ह्याच गोष्टी पाहून घ्यावयाच्या असतात. ह्याचा पडताळा आम्हांस स्वतःस आलेला आहे, म्हणून आमच्याच एका प्रवासाविषयी सांगतो.

१९९९ साली, आमची गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असता, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका मिशन-शाळेवर शिक्षक म्हणून आम्हांस पाठविण्यात आले. (त्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले.) हुकूम मेच्या आरंभी आला, शाळा जूनच्या मध्यास उघडणार होती. मधल्या दिवसांत आम्ही एक पिशवी खांद्यास लावून निघालो. कल्याणहून आगगाडी धरली असती तर एका दिवसात नाशिक आणि दुसऱ्या दिवशी शाळा. आम्ही मनोर-विक्रमगडवरून एसटीने जव्हार गाठले. कारण आमचा एक शाळासोबती तिकडच्या एका आश्रमशाळेवर दोन वर्षांपूर्वी लागला होता. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर जिल्हा २०१४ साली झाला.

सुट्टी असूनही हा गृहस्थ पाड्यापाड्यांवर फिरून मुलांची नावनोंदणी करीत होता. आम्ही तीन दिवस त्याच्यामागून हिंडलो. ऊन असे की डांबराला चटके सुटावेत. एका अंगणात त्याने बापास विचारले, "पोर केव्हा जन्मले?" बाप म्हणाला, "भात लावणीच्या वेळी." वर्ष कोणते, ह्यावर तो हसला. मित्राने वहीत १ जून लिहिले. मग आम्हांस त्याने मागल्या वर्षाचे रजिस्टर दाखविले. पानेच्या पाने १ जून. सबंध वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी! जूनमध्ये दाखला द्यावयाचा तर वय पुरे भरले पाहिजे, म्हणून महाराष्ट्रातील असंख्य मास्तरांनी अशीच तारीख घातलेली आहे, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले. आपल्या समाजातील मुलांचा बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या वहीत असतो. त्यामुळे ज्याचा जन्म कोठेच नोंदलेला नाही असे मूल आपल्याला सहसा दिसत नाही.

त्या मित्राने आम्हांस उपदेश केला नाही. रात्री कंदिलाजवळ बसून त्याने एक वही पुढे केली; तीत वारली बोलीतील शब्द आणि त्यांच्यापुढे पुस्तकी मराठी शब्द. पहिल्या वर्षी तो तासभर बोले आणि मुले नुसती पाहत राहत. मग त्याने मुलांकडूनच शब्द विचारून घ्यावयास सुरुवात केली. आम्हांस वारली मुले शिकवावयाची नव्हती. तरीही ती वही आम्ही दोनदा वाचली, आणि नाशिकला उतरताच आठ रुपयांची कोरी वही विकत घेतली.

मोखाडा, त्र्यंबक ह्या मार्गे एसटी नाशिकला येते. तेथे आमच्या एका जुन्या हेडमास्तरांकडे दोन दिवस राहिलो. त्यांस कमी ऐकू येत असे. गप्पा अशा झाल्याच नाहीत. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची नावे सांगितली, इयत्तावार, हजेरी घ्यावी तशी, आणि त्यांच्या पत्नीने आम्हांस आग्रहाने मांडे वाढले.

पुढचा मुक्काम श्रीरामपूरचा. ह्याविषयी आम्ही आजवर जाहीर बोललो नव्हतो. तेथे आमचा सेमिनरीतील एक सोबती राहत होता. तिसऱ्या वर्षी त्याने सेमिनरी सोडली. का सोडली, हा त्याचा आणि परमेश्वराचा प्रश्न होता. परंतु परत आल्यानंतर गावातील पुष्कळांनी त्याच्याशी बोलणे कमी केले, आणि आम्हा सोबत्यांपैकीही कुणी त्याच्याकडे फिरकले नव्हते. ज्याच्या त्याच्या परीक्षा, ज्याची त्याची दीक्षा. तो सायकलदुरुस्तीचे लहानसे दुकान चालवीत होता. आम्ही समोर उभे राहिलो, तेव्हा त्याने हातातील पंक्चरचे काम पुरे केले, गिऱ्हाइकाकडून दोन रुपये घेतले, हात पुसले, आणि मग म्हणाला, "आता तुम्हांला फादर म्हणू की काय म्हणू?" आम्ही म्हणालो, पूर्वी म्हणत होतास तेच म्हण. मग तो दुकानाची फळी लावून आम्हांस घरी घेऊन गेला.

आमची नेमणूक कोणत्या भागात आहे हे ऐकताच तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्याने जे सांगितले, ते त्याने सेमिनरीतील तीन वर्षांत कधी सांगितले नव्हते. तो त्याच भागातला. त्याचे आईबाप ऊसतोडीस जात. दिवाळी झाली की बिऱ्हाड बैलगाडीवर चढे आणि साखर कारखान्याच्या पालावर जाई, चैत्रात परत. लहानपणी ह्याचे नाव दोनदा शाळेच्या पटावरून कमी झाले होते. कारण सहा महिने गैरहजर असलेल्या मुलाचे मास्तरांनी दुसरे काय करावे? तिसऱ्या वर्षी नवे मास्तर आले. त्यांनी नाव कमी केले नाही. इतकेच नव्हे, तर जाताना ह्याची पाटी त्यांनी मागून घेतली, तिच्यावर ह्याचे नाव घातले, आणि शाळेच्या कपाटात ठेवली. चैत्रात तो परत आला तेव्हा पाटी तेथेच होती. "पाटी ठेवलेली असली, की पोर परत येते," असे तो म्हणाला. "तुम्ही ज्या शाळेवर चालला आहात, तिथे दिवाळीनंतर बाक रिकामे होतील. भिऊ नका, आणि नावे काढू नका."

आम्ही सेमिनरीत शिक्षणशास्त्रावरची पुस्तके वाचली होती. ती चांगलीच होती. त्यांत ऊसतोड हा शब्द नव्हता.

त्या नोव्हेंबरात आमच्या वर्गातील नऊ मुले गेली. आम्ही त्यांच्या वह्या मागून घेतल्या. एप्रिलमध्ये सात परत आली. उरलेल्या दोघींपैकी एकीचे लग्न झाले होते आणि एकीचा पत्ता लागला नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईतो मुलास शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली, आणि अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहेही निघाली. आमच्या त्या गावी तेव्हा ह्यांपैकी काही नव्हते. जे होते ते एका सायकलदुरुस्ती करणाऱ्याने एका रात्री सांगितलेले. तो मित्र २००१ साली काविळीने गेला. श्रीरामपूरची ती भेट शेवटचीच ठरली. त्याच्या अंत्यविधीस आम्ही गेलो, तेव्हा त्याची आई आम्हांस ओळखून म्हणाली की, तो नेहमी सांगत असे, माझ्याकडे एक फादर राहून गेला.

असो. आता ज्यांच्यासाठी आम्ही बोलतो आहोत, त्या तरुणांस दोनचार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो आणि आवरतो.

मित्रांच्या भेटीस जावे म्हणजे सहल काढावी असे नव्हे. दहा जणांनी गाडी ठरवून लोणावळ्यास जाण्यात आनंद आहे, तो आम्ही तुमच्यापासून हिरावून घेत नाही. पण ती गोष्ट निराळी. आम्ही म्हणतो ती भेट एकट्याने करावयाची, रिकाम्या हाताने न जाता आपल्या वाडीतील केळ्यांचा घड नेऊन, आणि निदान एक रात्र राहून. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला कुणी खरे काही सांगत नाही.

तुमच्या पेशात तुमच्याआधी एकदोन वर्षे लागलेला जो सोबती असेल, त्याच्याकडे प्रथम जा. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असताना फळ्याचे दोन भाग कसे करतात, खिचडी शिजविणारी बाई आली नाही तर काय होते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय लिहू नये, हे तो तुम्हांला एका तासात सांगेल. त्यानंतर ज्यांनी तुमच्या हाती पेन्सिल दिली, त्यांच्याकडे जा. आणि तुमच्यापैकी प्रत्येकाचा एखादा असा सोबती असेलच, ज्याच्याकडे हल्ली कुणी जात नाही. परीक्षेत मागे राहिला म्हणून, नोकरी मिळाली नाही म्हणून, किंवा कोर्टात भावाभावांचे जमिनीवरून बिनसले म्हणून. त्याच्याकडे शेवटी जा, आणि जास्त वेळ काढून जा. तुमच्या वर्गातील मागच्या बाकावर जो मुलगा बसणार आहे, त्याची ओळख तुम्हांस तेथे होईल.

खर्चाचे म्हणाल, तर २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांस अर्धे तिकीट आहे. तेव्हा आमच्या मुलींस तरी ही सबब उरलेली नाही. मुलग्यांनी आपल्या वडिलांकडे मागावे. वडिलांनी द्यावे, मोबाइलसाठी देता, तसे ह्यासाठीही द्यावे. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्या गुरुजनांस २०२२ पासून एसटी मोफत झाली आहे, हेही येथे सांगून ठेवतो. कोण जाणे, त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात आपल्या विद्यार्थ्याची नवी शाळा पाहून यावी असे येईल.

शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी. म्हणजे ज्यांस तिकडे जावयाचे आहे, त्यांस वेळ अधिक आहे.

व्यासपीठाच्या उजव्या हाताच्या बाकांवर आपले निवृत्त गुरुजी आणि बाई बसल्या आहेत. रुजू होणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्यांच्यापैकी कुणी ना कुणी मुळाक्षरे शिकविलेली आहेत. त्यांनी आपली घरे कोणत्या आळीत आहेत ते एका कागदावर लिहून दिले आहे, आणि तो कागद आम्ही मांडवाच्या खांबास लावून ठेवला आहे. चहा तयार आहे. आम्ही आता आपली रजा घेतो.